डोकं मागे राहतं

सिग्नलला थांबलेल्या माझ्या आत्याच्या गाडीवर मागून एक टेम्पो येऊन आदळला. फार जोरात नाही. बंपर चेपला, डिकीचं झाकण नीट बसेना, एवढंच नुकसान. आत्या खाली उतरली, टेम्पोवाल्याला चार शब्द सुनावले, पोलिसांत जायची गरज नाही म्हणाली आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना. एक्स-रे काढला, हाडं शाबूत. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत बरं वाटेल म्हणाले. दीड वर्षानंतरही गाडी मागे घेताना तिला नुसती मान वळवता येत नव्हती, खांद्यांसकट सगळं अंग वळवावं लागत होतं. घरच्यांनी आधी काळजी केली, मग सल्ले दिले आणि मग विषय काढायचंच सोडून दिलं. एकदा तिच्या देखतच कुणीतरी म्हणालं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग मनाचं असेल."

या प्रकरणात दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मागून बसलेल्या साध्या धक्क्याने मानेत नेमकं काय होतं, ही पहिली. आणि ते होऊ नये यासाठी गाडीतली कोणती वस्तू कामाला येते, ही दुसरी. उत्तर आधीच सांगून टाकतो: ती वस्तू म्हणजे आपण ज्यावर बसतो ती सीट. समोरून धडक बसली तर पट्टा आणि एअरबॅग धावून येतात. मागून बसली तर पहिल्या क्षणी आपल्याला सावरायला सीटशिवाय कुणीही नसतं.

एक दशांश सेकंद

एसटीत उभे असताना ड्रायव्हरने अचानक गाडी सोडली की आपण मागे जातो. आपल्याला वाटतं, कुणीतरी मागे ढकललं. ढकललेलं कुणी नसतं. पायाखालची फळी पुढे गेलेली असते आणि वरचं धड जिथल्या तिथे राहिलेलं असतं. मागून धडक बसलेल्या मोटारीत हेच होतं, फक्त पायांच्या जागी पाठ आणि धडाच्या जागी डोकं.

आकड्यांत पाहू. तुमची गाडी थांबलेली आहे. तेवढ्याच वजनाची दुसरी गाडी ताशी 30 किलोमीटर वेगाने मागून आदळली. धडकेनंतर दोन्ही गाड्या साधारण ताशी 15 किलोमीटरने पुढे सरकतात. तुमची थोडी जास्तच. शून्यावरून पंधरावर जायला तुमच्या गाडीला लागतो सुमारे एक दशांश सेकंद. म्हणजे गाडीवर, आणि तिला बोल्टने घट्ट बसवलेल्या सीटवर, गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोर येतो. हा वेग आपल्याला किरकोळ वाटतो, कारण रिक्षाही याहून जोरात पळते. मानेला तो किरकोळ नसतो.

पहिल्या 50 मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, तुम्हाला काही कळतही नाही. सीटची पाठ पुढे येते, तिच्यातला फोम दबतो, तुमची पाठ तिच्यात रुतते. आपला कणा सरळ नसतो. खांद्यांच्या मागे त्याला बाक असतो आणि सीट मागून दाबली की तो बाक सपाट होऊ लागतो. दोरीतला झोल काढला की टोक पुढे सरकतं, तसा कणा लांब होतो आणि मानेला खालून वर ढकलतो. याच वेळी खांदे पुढे निघालेले असतात. डोकं मात्र अजून जागेवरच आहे. साडेचार किलोचा हा गोळा सात छोट्या मणक्यांच्या देठावर बसलेला असतो आणि त्याला अजून कुणी हातच लावलेला नसतो.

इथे, साधारण 75 मिलिसेकंदांना, मानेचा आकार विचित्र होतो. खालचे मणके मागे वाकलेले, वरचे पुढे वाकलेले, मान एखाद्या सापासारखी दुहेरी वळलेली. एरवी मान इतक्या झटक्यात अशी वळत नाही.  मग डोकं मागे कलतं, सुमारे 100 मिलिसेकंदांना हेडरेस्टवर आपटतं, तिथून उसळून पुढे येतं आणि पट्ट्यात अडकतं. मानेचे स्नायू आवळले जायला लागतात ते याच सुमाराला. घराला आग लागून गेल्यावर बंब यावा, तशी ही मदत येते.

ही सापाकार मान दाखवून देणाऱ्यांत मनोहर पंजाबी हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आघाडीवर होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देहदानातून मिळालेले मानेचे मणके छोट्या घसरगाडीवर बसवले, त्यांना मागून धक्के दिले आणि प्रत्येक सांध्याची हालचाल मोजली. 1997 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी जपानमध्ये कोजी कानेओका यांनी जिवंत माणसांवर ते पडताळलं. दहा स्वयंसेवक, ताशी अवघा 4 किलोमीटरचा धक्का आणि मानेचं चलत् एक्स-रे चित्रण. चालत्या माणसाच्या वेगाएवढ्या त्या धक्क्यातसुद्धा खालच्या मणक्यांमागचे छोटे सांधे नेहमीसारखे एकमेकांवरून न सरकता एकमेकांत टोचले जाताना दिसले.

या छोट्या सांध्यांवर थोडं थांबायला हवं. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला, उजवीकडे-डावीकडे, कौलावर कौल ठेवावं तसे हे सांधे असतात. त्यांच्याभोवती पातळ पिशवी असते आणि त्या पिशवीत वेदनेचे तंतू. तिला चिमटा बसला, ती ताणली गेली, तर एक्स-रेत काय दिसणार? एक्स-रे हाड दाखवतो. आत्याची फिल्म डॉक्टरांनी उजेडात धरली तेव्हा ती खरंच निर्दोष होती.

"मनाचं असेल"

हे वाक्य मोटारीहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आगगाड्या वाढल्या, त्यांच्या टकरी वाढल्या आणि एक नवा रुग्ण डॉक्टरांपुढे येऊ लागला. अंगावर ओरखडा नाही, पण पाठ दुखते, झोप लागत नाही, हात बधिर होतो. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने 1866 साली अशा रुग्णांवर पुस्तक लिहिलं आणि दोष मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्याला दिला. लोकांनी या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' म्हणायला सुरुवात केली. रेल्वे कंपन्यांवर भरपाईचे दावे पडू लागले. 1883 मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यविशारदाने उलट बाजू मांडली: हा सगळा भीतीचा परिणाम आहे, कण्याला काही झालेलं नसतं. पेज एका मोठ्या रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते.

मोटारीच्या काळात 1928 मध्ये हॅरोल्ड क्रो या अमेरिकी अस्थितज्ज्ञाने 'व्हिपलॅश' हा शब्द वापरला. व्हिपलॅश म्हणजे चाबकाचा फटका. त्यांना फक्त मानेच्या हालचालीचं वर्णन करायचं होतं. पुढे लोकांनी तेच आजाराचं नाव करून टाकलं आणि क्रो यांना त्याचा पश्चात्ताप झाला. वकिलांना शब्द आवडला, विमा कंपन्यांना तो नकोसा झाला, आणि भांडण नव्याने सुरू झालं.

संशय घेणाऱ्यांकडे पुरावेच नव्हते असं मात्र नाही. 1996 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिथुआनियातल्या कौनास शहराचा अभ्यास आला. तिथे तेव्हा अशा दुखापतीसाठी भरपाई मागण्याची पद्धतच नव्हती. मागून धडक बसलेल्या 202 जणांना एक ते तीन वर्षांनंतर विचारलं, तर त्यांची मानदुखी इतर लोकांपेक्षा जास्त निघाली नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने 1995 पासून 'दुखण्याबद्दल' मिळणारी भरपाई बंद केली आणि व्हिपलॅशचे दावे 28 टक्क्यांनी घटले.

म्हणजे सगळं ढोंग? मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. भरपाईची रीत बदलली की दाव्यांची संख्या बदलते, हे खरं. पण दाव्यांच्या संख्येवरून एखाद्या बाईची मान दुखते की नाही, हे ठरत नाही. लिथुआनियाच्या त्या 202 जणांत बहुतेक पुरुष होते. ही गोष्ट का महत्त्वाची, ते पुढे येईलच. आणि ऑस्ट्रेलियात निकोलाय बोगडुक यांच्या गटाने केलेला प्रयोग मला निर्णायक वाटतो. व्हिपलॅशनंतर दीर्घकाळ दुखणं असलेल्या लोकांत त्यांनी एकेका छोट्या सांध्याकडे जाणारा बारीक तंतू औषधाने बधिर करून पाहिला. जवळपास निम्म्या रुग्णांचं दुखणं अशा एखाद्या सांध्यातूनच येत होतं. मग 24 रुग्ण निवडले. अर्ध्यांचा तंतू उष्णतेने निकामी केला. उरलेल्यांवर सगळे सोपस्कार तसेच केले, फक्त उष्णता दिली नाही. आपल्यावर काय झालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दुखणं परत यायला दुसऱ्या गटात 8 दिवस लागले, पहिल्या गटात 263 दिवस. ही मधली संख्या आहे, कुणाला कमी लागले, कुणाला जास्त. मन एवढा फरक करू शकत नाही. 1996 सालीच हा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आत्याच्या देखत ते वाक्य बोलणाऱ्याला तेव्हा मला हे ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

खुर्चीचं शास्त्र

मोटारीतली सीट ही सुरुवातीला निव्वळ बसायची सोय होती. 1955 साली लॉस एंजेलिसमध्ये डर्विन सेव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम गाड्या मागून आदळवल्या. आत पुतळे होते आणि जिवंत स्वयंसेवकही. त्यांना दिसलं की डोक्याला बसणारा झटका गाडीच्या झटक्यापेक्षा जवळपास दुप्पट असतो आणि तो उशिरा येतो. तेव्हाची सीट खांद्यापर्यंतच होती, त्यामुळे मान सीटच्या काठावरून पूर्ण मागे दुमडायची. उपाय उघड दिसत होता: डोक्यामागे काहीतरी हवं. अमेरिकेने 1 जानेवारी 1969 पासून मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचं केलं.

आपण त्याला 'हेडरेस्ट' म्हणतो, म्हणजे डोकं टेकायची जागा. नियमात शब्द आहे 'हेड रिस्ट्रेंट', म्हणजे डोकं अडवणारा. ही उशी डुलकी घेण्यासाठी बसवलेली नाही. मागून धडक बसली की डोक्याला धडाबरोबर पुढे घेऊन जाणं हे तिचं काम. शब्दाच्या या घोटाळ्यानेच आपल्याकडे तिला चैनीची वस्तू करून टाकलं असावं.

पण हेडरेस्ट आलं आणि अपेक्षेएवढा फरक पडला नाही. 1982 मध्ये अमेरिकी सरकारने हिशेब मांडला. सीटला एकसंध जोडलेल्या हेडरेस्टने मागच्या धडकेतल्या जखमा 17 टक्क्यांनी घटल्या होत्या. वर-खाली होणाऱ्या हेडरेस्टने फक्त 10 टक्के. कारण सरळ होतं. लोक ते वर करतच नव्हते. कारखान्यातून गाडी यायची तेव्हा ते सगळ्यात खालच्या खाचेत असायचं आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहायचं.

आणि वर केलं तरी एक कोडं उरत होतं. मान मागे दुमडली न जाताही लोकांना मानदुखी होत होती. येलच्या प्रयोगाने ते कोडं सोडवलं: घातक वळण डोकं मागे टेकायच्या आधीच येऊन जातं. त्यामुळे हेडरेस्ट असून भागत नाही, ते डोक्याच्या अगदी जवळ हवं. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यात दहा सेंटीमीटर अंतर असेल, तर ते अंतर कापताना मान सापासारखी वळून मोकळी होते. तीन सेंटीमीटर असेल तर वळायला वेळच मिळत नाही.

या कामात स्वीडनने जे केलं ते मला मनापासून आवडतं, कारण तिथे डॉक्टर, विद्यापीठ, विमा कंपनी आणि गाड्या बनवणारे एकाच टेबलाशी बसले. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात बर्टिल आल्डमन हे प्राध्यापक होते. लहान मुलांना गाडीत मागे तोंड करून बसवावं ही कल्पना त्यांचीच, 1964 च्या सुमाराची. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर झोपून उड्डाणाचा जोर सोसतात, हे पाहून त्यांना ती सुचली. जोर सगळ्या पाठीवर सारखा पसरला की मान वाचते. 1986 मध्ये त्यांनी आणखी एक तर्क मांडला: मान झटक्यात वाकताना कण्याच्या नळीतल्या द्रवाचा दाब क्षणात बदलतो आणि त्यानेच मज्जातंतूंच्या गाठी दुखावत असाव्यात. मॅट्स स्वेन्सन यांनी भूल दिलेल्या डुकरांवर तो तपासला आणि दाबाचे ते चढउतार सापडले. सांधे की द्रव, हा वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना इलाज एकच दिसतो: डोकं आणि धड यांच्या वेगात फरक पडू देऊ नका.

तो फरक मोजायला जुना पुतळा उपयोगाचा नव्हता. समोरच्या धडकेसाठी बनवलेल्या त्या पुतळ्याची पाठ लोखंडी ठोकळ्यासारखी, ती सरळ व्हायची सोयच नाही. मग नव्वदच्या दशकाअखेर चाल्मर्स, साब, व्होल्वो आणि सीटबेल्ट-एअरबॅग बनवणारी ऑटोलिव्ह यांनी मिळून नवा पुतळा घडवला. नाव 'बायोरिड'. त्याच्या कण्यात माणसासारखे सुटे 24 मणके: मानेचे 7, छातीमागचे 12, कमरेचे 5.

त्याच सुमाराला दोन सीट आल्या. साबच्या सीटमध्ये पाठीच्या आत एक पत्रा होता आणि तो तरफेने हेडरेस्टला जोडलेला होता. धडक बसली की माणसाची पाठ पत्र्यावर दाबली जायची आणि त्याच जोराने हेडरेस्ट पुढे आणि वर यायचं. त्याला वीज लागत नव्हती, सेन्सर लागत नव्हता. आपलंच वजन आपल्या डोक्यामागे हात ठेवायचं. व्होल्वोने 1998 मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी सीटच्या सांध्यात, पाठ आणि बैठक जिथे जुळतात तिथे, वाकणारा धातूचा तुकडा बसवला. धडकेत सीटची पाठ आधी माणसासकट सरळ मागे सरकते आणि मग थोडी कलते. स्लिपमधला खेळाडू चेंडू झेलताना हात मागे घेतो, तसंच हे आहे. हात ताठ धरले तर चेंडूही सुटतो आणि बोटही मोडतं.

यांचा उपयोग झाला का? अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 2003 साली विम्याच्या दाव्यांवरून हिशेब केला. धडकेत आपोआप पुढे येणारी हेडरेस्ट असलेल्या गाड्यांत मानेच्या दुखापतीचे दावे 43 टक्क्यांनी कमी झाले होते. सुरक्षेच्या क्षेत्रात एखाद्या तरफेला आणि पत्र्याला एवढं यश क्वचित मिळतं. याच संस्थेने 1995 मध्ये गाड्यांची हेडरेस्ट मोजली होती, तेव्हा जेमतेम 3 टक्के 'चांगली' ठरली होती. मोजमाप जाहीर व्हायला लागलं आणि कंपन्या सुधारल्या. युरोपातल्या तारांकन चाचणीतही 2009 पासून मागच्या धडकेतल्या मानेचे गुण धरले जाऊ लागले.

मऊ की मजबूत

आतापर्यंत हळू धडकेचं बोललो. भरधाव ट्रकने मारलं तर प्रश्न उलटा होतो. तिथे सीटची पाठ इतकी मागे पडू शकते की माणूस तिच्यावरून घसरत मागच्या सीटपर्यंत जातो. पट्टा असला तरी तो खांद्यावरून निसटतो, कारण पट्ट्याचं काम माणसाला पुढे जाण्यापासून अडवणं एवढंच आहे. मागे जाण्यापासून अडवण्याची जबाबदारी सीटची. आणि त्या मागच्या सीटवर बहुधा मूल असतं. सगळे नियम मुलाला तिथेच बसवायला सांगतात आणि ते बरोबरच आहे.

सीटच्या पाठीने किमान किती जोर सोसावा, हे ठरवणारा अमेरिकी नियम साठच्या दशकातला आहे. त्याचा सोपा अर्थ असा: बिजागरीपासून एक मीटर उंचीवर साधारण 38 किलो वजनाएवढी ओढ दिली तर पाठ तुटू नये. वाचकांनी स्वतःच ठरवावं, हे पुरेसं आहे का. बहुतेक कंपन्या याहून पुष्कळ मजबूत सीट बनवतात, पण कायद्याची किमान पायरी इतकी वर्षं तिथेच राहिली. ती बदलण्यासाठी 1974 पासून प्रस्ताव आले आणि बारगळले. 2021 मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला, तेव्हा कुठे 2024 साली परिवहन सुरक्षा खात्याने नव्या नियमाचा विचार सुरू केल्याची सूचना काढली.

इतका उशीर का, याला आळसापलीकडेही एक कारण आहे. सीट नुसती ताठ केली तर हळू धडकेत ती माणसाला स्प्रिंगसारखी पुढे उडवते आणि मान जास्त दुखावते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सीट मजबूत होत गेल्या तसा स्वीडनमध्ये व्हिपलॅशचा धोका वाढलेलाही दिसला. यावर डेव्हिड व्हियानो या जनरल मोटर्सच्या अभियंत्याने सुचवलेला तोडगा आपल्याला चटकन कळावा असा आहे, कारण तो आपल्या घरातल्या बाजेत आहे. बाजेची चौकट सागवानी, मधलं विणकाम सैल. सीटची चौकट अशी भक्कम करायची की ट्रकने मारलं तरी ती वाकू नये, आणि मधला भाग असा सैल ठेवायचा की पाठ आणि कंबर त्यात रुतावी. धड रुतलं की डोकं आपोआप हेडरेस्टजवळ येतं. मऊ आणि मजबूत यांत निवड करायची गरजच नाही, दोन्ही वेगवेगळ्या जागी हवेत.

177 सेंटीमीटरचा माणूस

बायोरिड पुतळ्याची उंची 177 सेंटीमीटर, वजन 78 किलो. तो पुरुष आहे. मागून धडक बसली तर व्हिपलॅश होण्याचा धोका बायकांना पुरुषांपेक्षा जास्त असतो, काही अभ्यासांत तिपटीपर्यंत, हे अनेक दशकं ठाऊक आहे. त्यांची मान बारीक असते, स्नायूंचा आधार कमी असतो, बसण्याची ठेवण वेगळी असते. वजन कमी असल्यामुळे सीट त्यांच्यासाठी हवी तितकी दबत नाही. 78 किलोसाठी जुळवलेली स्प्रिंग 55 किलोला दगडासारखी लागते. तरी मागच्या धडकेची चाचणी घ्यायला सरासरी बाईचा पुतळाच नव्हता. स्वीडिश संशोधक आस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने तो बनवला आणि 2022 साली जगासमोर आणला: उंची 162 सेंटीमीटर, वजन 62 किलो. सरकारी नियमांत त्याला अजून जागा मिळायची आहे. अर्ध्या लोकसंख्येला वगळून कुठलीही सीट 'सुरक्षित' म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या रस्त्यावर

भारतात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. केंद्र सरकारच्या त्या वर्षीच्या अहवालात अपघातांचे प्रकार दिले आहेत. त्यात 'मागून धडक' हा सर्वांत मोठा प्रकार आहे, एकूण अपघातांच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका अनियंत्रित मालट्रकने पुढच्या चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. त्या उताराने जाणाऱ्या पुणेकराला आरशात ट्रक मोठा होताना पाहून काय वाटतं, ते सांगायला नको.

आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' ही तारांकन चाचणी सुरू झाली. समोरची आणि बाजूची धडक तिच्यात आहे. मागच्या धडकेत मानेचं काय होतं, याचे गुण तिच्यात नव्हते. ते यायला हवेत. आणि मधल्या काळात आपण स्वतः आपल्या हाताने जे बिघडवतो, तेही थांबायला हवं. हेडरेस्टच्या टोकदार दांड्या काच फोडण्यासाठी असतात, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. त्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. मागचं दिसत नाही म्हणून हेडरेस्ट काढून डिकीत टाकणारे आहेत. अंबाड्याला किंवा केसांच्या क्लिपला अडतं म्हणून ते उलटं बसवणारे आहेत. प्रवासात मानेमागे जाड उशी घेणारे आहेत. ती उशी डोकं हेडरेस्टपासून आणखी लांब नेते. मागच्या बाजूला लोखंडी गार्ड बसवणारेही आहेत. गाडीचा मागचा पत्रा चेपतो तेव्हा तो धक्क्याचा काही भाग स्वतः खातो. गार्ड तोच धक्का चेसिसमार्गे जसाच्या तसा सीटपर्यंत पोचवतो. असे गार्ड बेकायदा असल्याचं परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे.

हे प्रकरण लिहिताना मी शिवणकामाची टेप घेऊन आमच्या गाडीत बसलो. मुलीला बाजूने बघायला सांगितलं. माझ्या डोक्याच्या टोकापासून हेडरेस्टचं टोक 11 सेंटीमीटर खाली होतं. मागचं अंतर 9. दोन्ही आकडे वाईट. खाचेचं बटण दाबून ते दोन टप्पे वर घेतलं, सीटची पाठ थोडी सरळ केली आणि पुन्हा मोजलं: वरून 4, मागून 5. मग बायको तिथे बसली आणि सगळं पुन्हा मोजावं लागलं. मागच्या सीटवर मधल्या जागेला हेडरेस्टच नव्हतं. तिथे आता आम्ही कुणाला बसवत नाही.

तुम्हीही एवढं करा. हेडरेस्टचं टोक डोक्याच्या टोकाइतकं उंच असावं. फार तर 6 सेंटीमीटर खाली चालेल. डोक्याचा मागचा भाग आणि हेडरेस्ट यांच्यात 7 सेंटीमीटरहून जास्त जागा नको, कमी असेल तेवढं बरं. एक्स्प्रेस वेवर शेजारची सीट मागे पाडून कुणी झोपलं असेल तर त्याला उठवा. पडलेल्या सीटवर हे अंतर हातभर होतं. गाडीला मागून धडक बसली असेल तर पत्र्याबरोबर सीटचे सांधेही तपासून घ्या, कारण एकदा वाकलेला तुकडा दुसऱ्यांदा वाकत नाही. घरात एकच गाडी दोघं चालवत असाल, तर बसल्यावर आरसा जसा आपल्यापुरता फिरवून घेता, तसं हेडरेस्टही दर वेळी लावून घ्या. आणि धडकेनंतर कुणी मान दुखते म्हणालं, तर रिपोर्ट काहीही असोत, त्या माणसावर विश्वास ठेवा.